मार्टातली नोकरी आणि १४ एप्रिलची रजा

काशीगावच्या नाक्यावर सकाळी साडेआठला उभे राहा. मेट्रोच्या खांबांखालून, जनता नगरच्या बाजूने, माशाच्या पाड्याच्या बाजूने पोरे-पोरी घाईघाईने हायवेकडे निघालेली दिसतील. अंगात एकाच रंगाचा टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्राची दोरी, पिशवीत डबा. त्यांच्या आई-बापांपैकी कोणी मिठागरात होते, कोणी भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यांत पॉलिश मारत होते, कोणी नाक्यावर बिगारी म्हणून उभे राहत होते. पोरे 'मार्ट'ला जातात. कोणी काउंटरवर, कोणी मांडणीवर माल लावायला, कोणी गोदामात, कोणी झाडू-पोछ्याला. त्याला आता हाउसकीपिंग म्हणतात. नाव बदलले, झाडू तोच आहे.

वर्तमानपत्रांच्या अर्थविषयक पानांवर अधूनमधून बातमी येते. युरोपातली अमुक स्वस्त मालाची साखळी नव्या देशात शिरली, हजारो नोकऱ्या निर्माण होणार. आपल्याकडची तमुक साखळी यंदा इतकी नवी दुकाने उघडणार, हजारो तरुणांना रोजगार. बातमीत दुकानांचा आकडा असतो, गुंतवणुकीचा असतो, नोकऱ्यांचाही असतो. त्या नोकऱ्या कायम किती आणि कंत्राटी किती, त्या कोणाला मिळतात आणि किती वर्षे टिकतात, हे मात्र नसते. आपल्या समाजाने बातमीचा हा न छापलेला भाग वाचायला शिकले पाहिजे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर काही डावे मित्र टाळ्या वाजवतील आणि काही उजवे मित्र शिव्या देतील. मार्ट आले म्हणून कोपऱ्यावरचा किराणा बुडाला, असे गळे काढणाऱ्यांत मी नाही. तो किराणा आपला कधी होता? गावातल्या दुकानदाराने आपल्या आजीच्या पदरात मीठ वरून टाकले. आजोबांनी पैसे फळीवर ठेवायचे, त्याने पाणी शिंपडून उचलायचे. ही फार जुनी गोष्ट आहे असे कोणी म्हणेल, तर घनश्याम शहा, हर्ष मंदर, सुखदेव थोरात आदींनी ११ राज्यांतल्या ५६५ खेड्यांची पाहणी करून २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ पाहावा. तिसऱ्या हिश्श्याहून अधिक खेड्यांत दलितांना दुकानाच्या आत पाऊल टाकू देत नव्हते. जवळजवळ निम्म्या खेड्यांत त्यांचे दूध सहकारी संस्था घेत नव्हती. हे एकविसाव्या शतकाच्या तोंडावरचे चित्र आहे.

स्वतःच्या हाताने वस्तू उचला, टोपलीत टाका, पैसे द्या आणि बाहेर पडा, ही दुकानाची पद्धत आपल्यासाठी साधी नाही. त्या दुकानात तांदूळ चाळून पाहणाऱ्या हाताची जात कोणी विचारत नाही. काशीगावची वारली बाई आणि टॉवरमधली शेठाणी एकाच रांगेत उभी राहते, आणि बिलावर दोघींचा भाव एकच छापला जातो. हे मोठे काम आहे, भले ते करणाऱ्याच्या मनात समता नसून नफा असो. चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे विचारवंत आणि २००५ साली पुण्यात स्थापन झालेले दलित इंडियन चेंबर यांनी किरकोळ व्यापारातल्या परकीय गुंतवणुकीची बाजू घेतली, तेव्हा चळवळीत अनेकांनी नाक मुरडले. पण त्यांच्या म्हणण्यात या अनुभवाचे बळ होते. जुना बाजार जातीवर उभा होता. तो मोडत असेल तर आपण का रडावे?

ग्राहक म्हणून आपले समाधान झाले, ठीक. काउंटरच्या पलीकडे उभ्या असलेल्या आपल्याच पोरीचे काय, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

आमच्या वस्तीतली एक मुलगी, बारावी पास, एका मोठ्या मार्टात दोन वर्षे काउंटरवर होती. मार्टाचे नाव इथे घेत नाही, कारण त्या मार्टाने तिला कामावर घेतलेच नव्हते. तिला घेतले एका कंत्राटदाराने. टी-शर्टावर मार्टाचे नाव आणि पगारावर कंत्राटदाराचे. नेमणूकपत्र मागितले तर सुपरवायझर म्हणाला, पुढच्या महिन्यात. बसायला स्टूल नव्हते. दिवसभर उभे राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या. डॉक्टरने बसून काम करायला सांगितले. तिने तसे सांगितल्यावर तिला बसवले, पण घरी. 'काम करत नाही तर दुसरी आहे' एवढे वाक्य पुरले. दोन वर्षांचा अनुभव दाखवायला तिच्याकडे आज एक कागद नाही.

ही एकट्या पोरीची कहाणी असती तर लिहिले नसते. या धंद्याची रचनाच तशी आहे. डी-मार्टचे उदाहरण घ्या, कारण ते आपल्या मुंबईचेच आहे. राधाकिशन दमाणी यांनी २००२ मध्ये पवईला पहिले दुकान काढले. मार्च २०१७ मध्ये कंपनीचा शेअर बाजारात आला आणि पहिल्याच दिवशी २९९ रुपयांचा शेअर दुपटीवर गेला. मार्च २०२५ अखेर दुकाने ४१५ झाली. दुकानाची जागा शक्यतो स्वतःची घ्यायची, मोजकाच पण भराभर खपणारा माल ठेवायचा, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घ्यायचा आणि ती बचत गिऱ्हाइकाला दाखवायची, असा हा हिशेब. त्यात खोटे काही नाही, हुशारी आहे. पण कंपनीचे वार्षिक अहवाल उघडून पाहिले तर कायम नोकरांच्या कितीतरी पट कंत्राटी माणसे दिसतात. हे एकट्या डी-मार्टचे दूषण नव्हे, सगळ्या धंद्याचीच ही चाल आहे. डाळ स्वस्त होते त्यातला एक हिस्सा त्या कंत्राटी माणसाच्या खिशातून येतो, एवढे डाळ घेताना ध्यानात असू द्यावे.

इथे एक इतिहास आहे, आणि तो आपल्या पोरांना कोणी सांगत नाही. दमाणी यांनी स्वतःचे दुकान काढण्याआधी १९९९ च्या सुमारास नेरूळला कोणाची शाखा चालवायला घेतली होती? अपना बाजारची. आणि अपना बाजार कोणाचा? १९४८ साली मुंबईच्या नायगावात कामगारांनी वर्गणी काढून सुरू केलेल्या ग्राहक सहकारी संस्थेचा. नायगाव म्हणजे गिरणगाव, बी.डी.डी. चाळी, आपली माणसे. स्वस्त आणि चोख माल एका छताखाली देण्याची शाळा या शहरात कामगारांनी काढली. त्या शाळेत शेअर बाजारातला एक चतुर गृहस्थ शिकून गेला आणि हजारो कोटींचा मालक झाला. शाळा मात्र ओस पडत गेली. दोष त्या गृहस्थाला देऊन काय उपयोग? सहकारात पुढारी शिरले, हिशेब ढिला पडला, सभासदांनी सभेला जाणे सोडले. आपणही त्यात होतो. नायगावच्या बी.डी.डी. चाळीतल्या किती बौद्ध कुटुंबांनी त्या संस्थेच्या निवडणुकीकडे कधी राजकारण म्हणून पाहिले? आमदारकीच्या तिकिटासाठी आपले गट फुटले. ग्राहक संस्थेच्या संचालकपदासाठी फुटले असते तरी चालले असते, निदान दुकान हातात राहिले असते!

परदेशाकडे वळू. जर्मनीतल्या आल्डी आणि लिडल या दोन साखळ्या स्वस्त मालाच्या धंद्यातले दादा आहेत. लिडलची तीसएक देशांत बारा हजारांवर दुकाने आहेत. ज्या देशात जातात तिथे नोकऱ्यांचे आकडे जाहीर करतात, हेही खरे. पण २००४ मध्ये व्हेर्डी या जर्मन कामगार संघटनेने लिडलच्या कारभारावर एक 'काळे पुस्तक' छापले. २००८ मध्ये तिथल्या श्टेर्न साप्ताहिकाने उघड केले की दुकानांत छुपे कॅमेरे लावून कामगार लघवीला किती वेळा जातो इथपर्यंतच्या नोंदी ठेवल्या जात होत्या. बोभाटा झाला, सरकारी यंत्रणेने दंड ठोठावला, कंपनीला माफी मागावी लागली. आणि हीच लिडल २०१५ मध्ये ब्रिटनमध्ये जाहीर करते की कायद्याच्या किमान वेतनापेक्षा जास्त, जगण्यापुरते म्हणून स्वतंत्र संस्थेने ठरवलेले वेतन आम्ही देऊ. सुपरमार्केटांत असे करणारी ती पहिली. मालक बदलला नव्हता. संघटना, वर्तमानपत्रे आणि माणसांची टंचाई यांनी त्याला वाकवले.

उलटे उदाहरण वॉलमार्टचे. अमेरिकेत संघटनेचे नाव काढले की या कंपनीच्या कपाळावर आठ्या चढतात. १९९७ मध्ये ती जर्मनीत गेली. तिथे आल्डी-लिडलचे भाव आणि कामगार संघटनांचे कायदे, दोन्ही तिला पेलले नाहीत. २००६ मध्ये गाशा गुंडाळला. म्हणजे जगातली सर्वात बलाढ्य साखळीसुद्धा त्या मातीतल्या कामगाराचा हक्क मोडू शकली नाही. इथे मात्र कोणीही यावे आणि आपल्या पोरांना कंत्राटदाराच्या हवाली करावे.

आणि ते स्टूल. आल्डीच्या दुकानात काउंटरवरचा माणूस बसून काम करतो. युरोपात तर बसतोच, १९७६ पासून ती साखळी अमेरिकेत आहे तिथेही बसतो. तिथे मालकाला कळले की बसलेला माणूस भरभर हात चालवतो. आपल्याकडे केरळच्या कापड दुकानांतल्या बाया त्यासाठी लढल्या. कोझिकोडच्या विजी आणि त्यांची 'पेनकूट' संघटना यांनी वर्षानुवर्षे रेटा लावला, तेव्हा २०१८ मध्ये केरळने दुकान कायद्यात बसण्याचा हक्क लिहिला. २०२१ मध्ये तामिळनाडूने तेच केले. बसण्याच्या हक्काचे महत्त्व आपल्याला समजावून सांगायला नको. सवर्णासमोर खाटेवर बसला म्हणून आपल्या माणसांनी मार खाल्लेला आहे. उभे राहणे ही इथे फक्त शरीराची अवस्था कधीच नव्हती. आता नव्या केंद्रीय संहितेतही उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याच्या सोयीचे कलम आहे. मीरा-भाईंदरमधल्या किती काउंटरांवर स्टूल आले, हे मोजायला एक रविवार पुरेल. आपल्या तरुण मंडळांनी मोजावे.

नोकऱ्यांच्या आकड्यांना भुलण्याची सवय आपल्याला जुनी आहे. २०११ मध्ये तत्कालीन वाणिज्य मंत्री आनंद शर्मा यांनी सांगितले की किरकोळ व्यापारात परकीय पैसा आला तर तीन वर्षांत १ कोटी रोजगार होतील. २०१२ मध्ये परवानगी मिळाली. त्यानंतर टाटांच्या ट्रेंटबरोबर टेस्को आली, बाकीच्यांनी दारातूनच पाहिले. वॉलमार्टने २०१३ मध्ये भारतीशी असलेली भागीदारी मोडली. १ कोटी नोकऱ्या कुठे गेल्या ते शर्माजींनी नंतर सांगितले नाही. त्याआधीचा सुभिक्षाचा प्रकार आठवा. चेन्नईची ही स्वस्त मालाची साखळी १९९७ मध्ये निघाली, धावत सुटली, २००८ पर्यंत सोळाशे दुकाने झाली. २००९ उजाडले आणि शटर खाली. पोरांचे पगार थकले, फंडाचे पैसे भरलेले नव्हते. २०२२ मध्ये बिग बाझारच्या पाट्या उतरल्या. दुकान दुसऱ्या साखळीने घेतले की मांडणी घेते, फ्रीज घेते, जागेचा करार घेते. कंत्राटी माणूस त्या यादीत नसतो.

कायद्याचेही वारे पाहा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाईसरॉयच्या कौन्सिलात मजूर सदस्य होते. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांतली रोजची मर्यादा ९ तासांवरून १० तासांवर नेण्यास मंजुरी दिली, आणि कायदा १० ऐवजी २० कामगारांच्या वरच्या दुकानांनाच लावायचे ठरवले. आठवड्याचे ४८ कायम आहेत असे सांगतात. ज्या पोरीकडे नेमणूकपत्रच नाही तिचे ४८ कोण मोजणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यात प्रत्येकाला नेमणूकपत्र देणे सक्तीचे आहे. हे चांगले आहे, आणि आपण ते हक्काने मागितले पाहिजे. पण त्याच संहितेत कंत्राटी कामगारांचे नियम २० ऐवजी ५० माणसांपासून लागू होतात. मुख्य कामात कंत्राटी माणूस नको असे म्हणून, कोणते काम मुख्य नव्हे याची यादी दिली आहे. सफाई, पहारा, मालाची चढउतार. वाचकहो, ही यादी पुन्हा वाचा. कारखान्याची असो की मार्टाची, जी कामे 'मुख्य नव्हेत' ती नेमकी आपल्याच वाट्याला कशी येतात?

गिरण्यांत कापडखात्यात आपल्याला शिरकाव नव्हता, कारण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्ण विणकराला विटाळ होई. पगार त्याच खात्यात जास्त होता. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला. आज मार्टात विटाळ कोणी बोलून दाखवत नाही. पण एखाद्या मार्टात जा आणि पाहा, मॅनेजरच्या केबिनमध्ये कोणती आडनावे आहेत, काउंटरवर कोणती, आणि पोछ्यावर कोणती. थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आला. दलित आडनावाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्णाच्या सुमारे दोन तृतीयांश, मुसलमान नावाला सुमारे एक तृतीयांश. गुणवत्ता, गुणवत्ता म्हणून छाती पिटणाऱ्यांनी या अर्जांतली गुणवत्ता सारखीच होती हे लक्षात घ्यावे. खुद्द बाबासाहेबांनी अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून परत आल्यावर शेअरच्या व्यवहारात सल्ला देण्याचा धंदा काढला होता. गिऱ्हाइकांना जात कळली आणि धंदा बसला. दलाल स्ट्रीटची पायरी एकाला चढू दिली नाही, याचा हिशेब कोणत्याही वार्षिक अहवालात नसतो.

खाजगी क्षेत्रात आरक्षण पाहिजे असे आपण प्रत्येक सभेत म्हणतो. टाळ्या मिळतात. पण महाराष्ट्राच्या कायद्यात त्याची एक खिडकी उघडीच आहे हे किती वक्त्यांना ठाऊक आहे? राज्याचा २००१ चा आरक्षण कायदा २९ जानेवारी २००४ पासून लागू आहे. एकूण ५२ टक्के आरक्षण देणाऱ्या या कायद्यात शासनाचे साहाय्य मिळालेल्या संस्था म्हणजे कोणत्या, याचे स्पष्टीकरण आहे. सवलतीच्या दराने सरकारी जमीन किंवा इतर आर्थिक सवलत घेतलेले उद्योगही त्यात येतात. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने लॉजिस्टिक धोरण मंजूर केले. गोदामांना सवलती, आणि सुमारे ५ लाख रोजगाराचा अंदाज. काशीगावहून घोडबंदर रस्त्याने निघाले की भिवंडीची गोदामे फार लांब नाहीत, मार्टांचा माल तिथूनच फिरतो. सवलत घेणाऱ्या प्रत्येक गोदामाला २००४ चा कायदा दाखवून बिंदुनामावली मागणारा एक तरी अर्ज आपल्या कोणत्या पक्षाने, कोणत्या गटाने केला? माहितीचा अधिकार आहे, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. आपण पहिला पाठ केला. दुसऱ्याकडे वळलो तेव्हा बँक, रेल्वे, विमा, महापालिका इथल्या कायम नोकरांच्या संघटना बांधल्या. त्या हव्याच होत्या, त्यांनीच चळवळीला पैसा आणि माणसे पुरवली. पण मागासवर्गीय कर्मचारी संघटनेचा साहेब निवृत्त झाला, आणि त्याचा पुतण्या मार्टात ट्रॉल्या गोळा करतो. त्या पुतण्याची संघटना नाही. तो स्वतःला कामगार म्हणतही नाही, 'स्टाफ' म्हणतो. हमालांनी लढून १९६९ मध्ये माथाडी कायदा मिळवला. मार्टाच्या गोदामात तीच गोणी उचलणारा पोरगा 'असोसिएट' झाला, म्हणून माथाडीची पाटी त्याच्यापर्यंत पोचत नाही. त्याला परत कामगार म्हणवून घेण्यापासून सुरुवात आहे.

यंदा १४ एप्रिलला आमच्या मिरवणुकीत ढोल कमी पडले. पोरे कुठे म्हणून विचारले तर कळले, मार्टात. जयंतीला सुट्टी नाही. रजा घेतली तर महिन्याचा हजेरी बोनस जातो. एक जण रात्री दहा वाजता टी-शर्टावरच आला, निळा गुलाल लावून घेतला आणि अर्ध्या तासात झोपायला गेला, दुसऱ्या दिवशी सकाळची पाळी होती.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकान कायद्यात कामगाराला वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगार यांनी आपसात ठरवायच्या, तेही वर्ष सुरू होण्यापूर्वी. ठरवायला कामगारांच्या बाजूने कोणी बसत नाही, म्हणून त्या चार मालकच लिहून टाकतो. १४ एप्रिल त्यात घालण्याला कायद्याची कोणतीही आडकाठी नाही. एका दुकानातल्या वीस-पंचवीस पोरांनी, कंत्राटी असोत की कायम, सह्या करून कागद मॅनेजरकडे आणि कंत्राटदाराकडे डिसेंबरात द्यायचा आहे. पोचपावती घ्यावी, एक प्रत कामगार कार्यालयात द्यावी. अर्जाचा नमुना काशीगावच्या आमच्या विहारात रविवारी सकाळी मिळेल, आणि ६ डिसेंबरला दादरला जाताना आम्ही त्याच्या प्रती बरोबर घेऊ.